तिरळी खिडकी

आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पूर्वेच्या भिंतीत चार खिडक्या आहेत. तीन खाली, कमानीच्या, एका रांगेत, जशा कुठल्याही देवळात असतात. चौथी त्यांच्या वर, गोल, पीठ चाळायच्या चाळणीएवढी, आणि ती मधोमध नाही. उजवीकडे चांगली दोन हात सरकलेली आहे. परगावचा माणूस आत आला की आधी तिच्याकडे बघतो आणि विचारतो, गवंडी प्यायलेला होता का. बरलाहा प्यायचा, ते मी लपवणार नाही. पण ती खिडकी त्याने शुद्धीत बसवली. एक अख्खा वसंत त्याने त्यात घालवला. गावाने तिला तिरळी म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

बरलाहाविषयी लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. त्याची गोष्ट सांगायची तर देवळाची दारं लागल्यावर आत जे होतं त्याच्या अगदी जवळून जावं लागतं, आणि ते बाहेर सांगायचं नसतं. मी या देवळाची सेविका. चाळीस वर्षं बायकांच्या दाराशी उभी राहिले, कुणाला काही सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. मी फक्त उजेड कुठे पडतो एवढंच लिहिणार आहे. उजेडावर अजून कुणी बंदी घातलेली नाही.

बरलाहा चुनाभट्टीवाल्याचा मुलगा. आमच्या टेकड्यांवर माती कमी आणि दगड फार, त्यामुळे ज्याला दुसरं काही येत नाही त्याला दगड तरी येतोच. बरलाहाला मात्र खरोखर येत होता. दगडाला आईवरून शिवी दिल्याशिवाय तो छिन्नी लावत नसे. म्हणायचा, "दगड झोपलेला असतो बाई, त्याला उठवावा लागतो." माणसांनाही तो तसाच उठवायचा. बाजारात त्याचं भांडण झालं नाही असा आठवडा आठवत नाही. बायको शलमत तेलाच्या घाण्यावरची, शांत, बोटं कायम जैतुणाच्या चोथ्याने काळी. ती त्याच्याशी भांडत नसे. तो ओरडायला लागला की ती मसूर निवडायला घ्यायची, आणि मसूर संपेपर्यंत त्याचं ओरडणं संपलेलं असायचं.

त्याने बाप्तिस्मा घेतला नव्हता. त्यात काही नवल नाही, आमच्याकडे अर्धे पुरुष तसेच असतात. नाव नोंदवतात, रविवारी येतात, वाचन ऐकतात, प्रवचन ऐकतात, आणि मग बाहेर जातात. त्यांना ऐकणारे म्हणतात. स्नान राखून ठेवायचं, शेवटच्या दुखण्यात घ्यायचं, म्हणजे सगळं आयुष्य एकदम धुऊन निघतं आणि नवं पाप करायला अंगात बळ उरलेलं नसतं. हिशेबी लोक. मला या हिशेबाचा कायम राग आला आहे. पण बरलाहाचं कारण हिशेबाचं नव्हतं, भीतीचं होतं.

त्याचा भाऊ जबिना विसाव्या वर्षीच स्नानाच्या पाण्यात उतरला. दोन वर्षांनी जैतुणं झोडताना बांधावर भांडण झालं, जबिनाच्या हातात झोडायची काठी होती, आणि समोरचा माणूस परत उठला नाही. तेव्हापासून जबिना देवळाच्या अंगणात तरटाच्या कपड्यात उभा असायचा. आत जाणाऱ्यांना म्हणायचा, माझ्यासाठी क्षमा मागा. अकरा वर्षं तो दाराबाहेर उभा राहिला, आणि परत आत घेतला तोवर तिथेच म्हातारा दिसायला लागला.

"एकदाच धुतात, बाई," बरलाहा मला म्हणाला होता. "दुसरं पाणी नाही. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे, आणि हात तोंडाहून वाईट."

"मग ते दोन्ही आवर."

"मेल्यावर आवरीन."

आता देवळाचं सांगते. जुनं देऊळ म्हणजे एका घराच्या दोन खोल्या, भिंत पाडून एक केलेल्या. गाव वाढलं तेव्हा नवं बांधायचं ठरलं आणि काम बरलाहाकडे आलं. तेव्हाचे आमचे धर्मगुरू फार म्हातारे होते. त्यांनी मोकळ्या जमिनीवर काठीने रेघा ओढून त्याला सगळं समजावलं. मी पाण्याचं भांडं घेऊन शेजारी उभी होते.

"इथे पूर्वेला पवित्र मेज. त्याच्यापुढे पडदा. इथे मधोमध ओटा, घोड्याच्या नालेसारखा, तोंड मेजाकडे. ओट्यावर आम्हाला बसायला कडेने बाकं, आणि मागच्या टोकाला एक दगडी खुर्ची."

"ती तुमची?"

"त्या खुर्चीवर माणूस बसत नाही. ग्रंथ ठेवायचा. ओट्याच्या दोन्ही बाजूंना पुरुष, ओट्याच्या मागे बायका. त्यांचं दार वेगळं."

"आणि मुख्य काम कुठे होतं?"

"कसलं मुख्य काम?"

"ते, आम्हाला बाहेर काढल्यावरचं."

म्हाताऱ्याने काठी काखेत घेतली. "तू दगड लाव, बरलाहा."

त्याने दगड लावले. पण डोकं थोडंच थांबतं. बिचाऱ्याने जन्मभर पूजेचा अर्धाच भाग पाहिलेला, आणि त्या अर्ध्या भागात सगळं ओट्यावर घडतं. वाचन ओट्यावर, प्रवचन ओट्यावर, झगे घातलेली माणसं ओट्यावर बसलेली, त्यांच्याभोवती गाव गोळा झालेलं. पडदा बंद असतो. तेव्हा त्याने गवंड्याच्या अकलेने विचार केला. घरात पाहुणा कुठे बसतो? ओट्यावर. आतल्या खोलीत काय असतं? रांजण. म्हणजे मेजावर वस्तू ठेवत असतील, आणि दारं लागली की ती बाहेर आणून, ग्रंथाच्या खुर्चीपुढे उभं राहून, वर उचलत असतील. काहीतरी वर उचलतात एवढं त्याला ठाऊक होतं. एवढं सगळ्यांनाच ठाऊक असतं.

चूक कुणाची म्हणायची? विचारलं तर सांगता येत नाही, आणि सांगितलं नाही तर माणूस अंदाज करणारच.

छप्पर घालायच्या आधीच्या वसंतात त्याने खुर्चीच्या जागी सोललेली काठी रोवली. पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपास, दिवस-रात्र सारखी होतात त्या दिवसांत, रोज सकाळी तो तिथे बसायचा. शेजारच्या जुन्या देवळाबाहेरच्या अंजिराची सावली कुठे आली की ऐकणाऱ्यांना बाहेर काढतात, ते त्याला पाठ होतं. त्यापुढे मुख्य काम व्हायला किती वेळ लागत असेल तो त्याने मनाने धरला. त्या घटकेला सूर्य सरळ पूर्वेला राहत नाही, वर चढता चढता उजवीकडे कलतो. म्हणून खिडकी उजवीकडे. त्या घटकेला त्या खिडकीतून आलेला उजेड बरोबर खुर्चीशी उतरतो, म्हणजे तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या उचललेल्या हातांवर. बरलाहाने ते कुणाला समजावलं नाही. फक्त शलमतला सांगितलं, आणि शलमतने तेव्हा कौतुक केलं, कारण तेव्हा तीही ऐकणारीच होती.

नव्या देवळाच्या पहिल्या सणाला तिने स्नान घेतलं. बायकांना तेल लावून पाण्यात उतरवायचं काम माझं, म्हणून मला नक्की आठवतं. पाण्यातून वर आली तेव्हा दात वाजत होते आणि ती हसत होती. उजाडल्यावर पांढऱ्या कपड्यात ती पहिल्यांदा दारं लागल्यावर आत राहिली. बाहेर आली तेव्हा हसत नव्हती.

बरलाहा अंजिराखालच्या, गुरांच्या पाण्याच्या दगडी कुंडीवर बसला होता. "पडला का हातावर?"

शलमतने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, "मसूर भिजत घातलाय. घरी चला."

त्याला वाटलं, बंदी आहे म्हणून बोलत नाही. बंदी तर होतीच. पुढे सत्तावीस वर्षं हेच चाललं. दर रविवारी ग्रंथाचं वाचन संपायचं, प्रवचन संपायचं, आणि दारावरचा माणूस पुकारायचा, "ऐकणाऱ्यांनो, निघा. दारं सांभाळा." बरलाहा पुरुषांच्या दाराने बाहेर पडून कुंडीवर बसायचा. सणाच्या आसपासचे चार-पाच रविवार तर तो अंजिराच्या सावलीवर नजर ठेवून असायचा, आणि ती घटका आली की डोळे मिटायचा. दुसरे ऐकणारे गुरांच्या, पावसाच्या गप्पा मारत असले तर त्यांना शिव्या घालायचा. शलमत बाहेर आली की तोच प्रश्न.

"आज ढग नव्हते. पडला ना?"

"शेजारणीकडून खमीर आणायचंय."

"खमिराचं नाही विचारलं."

"मी खमिराचंच बोलतेय."

एकदा मला त्याने सांगितलं होतं, डोळे मिटले की त्याला काय दिसतं ते. धुपाचा धूर असतो, म्हणाला, आणि सगळं गाव गप्प असतं. धुरातून उजेड हळूहळू उतरत येतो, कुठलीही घाई न करता, जसं एखादं जनावर पाण्यावर येतं. दोन हात वर गेलेले असतात. उजेड आधी बोटांवर येतो, मग मनगटावर. बोटं आतून लाल दिसतात, लहान मुलाने दिव्यापुढे धरावीत तशी. "आणि बाई," तो म्हणाला, "तेव्हा त्या उजेडात माझाही हात असतो. मी बाहेर बसलेलो असतो, पण हात आत असतो."

मी त्याला म्हटलं, कुंडीवरून ऊठ, गुरं पाणी प्यायला खोळंबली आहेत.

कारण खरं असं होतं. दारं लागली की ओट्यावरची माणसं उठतात. खुर्चीवरचा ग्रंथ उचलतात, ओट्यावरून उतरतात आणि मेजाकडे जातात. पडदा सरकतो. पुढे जे व्हायचं ते तिकडे होतं. ओटा रिकामा पडतो. बाकं रिकामी, खुर्ची रिकामी. आणि त्याच सुमारास तिरळ्या खिडकीतून उजेड येतो. आधी वर धुरात नुसता तरंगतो, कुठे जायचं ते न सुचल्यासारखा. मग लांब होत होत खाली येतो, ओट्याची कड ओलांडतो, आणि खुर्चीत येऊन बसतो. तिथे कुणीही नसतं. थोडा वेळ बसतो आणि निघून जातो.

सगळे पुरुष तेव्हा मेजाकडे तोंड करून उभे असतात. त्यांच्या पाठीमागे काय चाललंय ते त्यांना ठाऊकही नाही.

बरलाहाच्या साठीच्या सुमाराला त्याचे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. एकात पूर्वीच दगडाची कपची उडून पांढरं पडलं होतं, दुसऱ्यात चुन्याने धुकं साठलं. आमच्या देवळात बाजूच्या खोलीत हुतात्म्याच्या अस्थींची दगडी पेटी आहे. झाकणाच्या भोकातून तेल ओततात, ते अस्थींवरून वाहत खालच्या वाटीत उतरतं. शलमत रोज बोळा भिजवून न्यायची आणि त्याच्या पापण्यांवर फिरवायची. तो तक्रार न करता फिरवून घ्यायचा, यावरूनच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

उपवासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधी, स्नान घेणाऱ्यांची नावं लिहितात त्या दिवशी, तो भिंतीला हात लावत लावत आला. नावं मी लिहायची. मी अंत्युखिया शहरात लिहायला शिकलेली, आणि आमच्या सबिनबाबांचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही.

सबिनबाबा म्हणजे म्हाताऱ्यांच्या नंतरचे धर्मगुरू. चांगला माणूस, पण प्रत्येकाकडून पाठ केलेलं उत्तर हवं असतं. त्यांनी विचारलं, "बरलाहा, सत्तावीस वर्षं सुचलं नाही, आज का आलास?"

"डोळे चाललेत, बाबा."

"डोळ्यांचा आणि याचा काय संबंध? बरे व्हावेत म्हणून आलास?"

"बरे होत नाहीत, ते मला कळतं. जाण्याआधी एकदा आत उभं राहून बघायचंय. माझा उजेड हातावर पडतो का ते."

सबिनबाबांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. "हे स्नान आहे. जत्रेतला खेळ नाही बघायला यायचा. लिहू नका, नोन्नाबाई."

बरलाहा उभाच राहिला. "माझ्या बापाने शेवटच्या तासाला घेतलं आणि स्वच्छ गेला. मलाही तसंच जायचं होतं. पण तेव्हा मी आंधळा असेन. दोन्ही मिळत नाही ते कळलंय मला. मी हे घेतो. पुढे माझ्या हातून काही झालं तर जबिनाच्या जागी उभा राहीन. जागा माझ्या ओळखीची आहे."

एवढं लांब तो शिवीशिवाय प्रथमच बोलला असेल.

मी लेखणी खाली ठेवली नव्हती. मी म्हटलं, "बाबा, गेल्या वर्षी घाण्याच्या मालकाचा मुलगा आला तो कशासाठी आला? त्या वरच्या गावच्या मुलीचा बाप ऐकणाऱ्याला मुलगी देत नव्हता म्हणून. त्याचं नाव मीच लिहिलं. तुम्ही त्याला काय विचारलंत? त्याने पाठ केलेलं म्हणून दाखवलं आणि तुम्ही मान हलवलीत. हा खरं बोलला एवढाच याचा गुन्हा."

"नोन्नाबाई, हे तुमचं काम नाही."

"नाही. माझं काम लिहायचं. लिहिलं."

त्यांनी वहीकडे बघितलं. नाव लिहिलेलं होतं. खोडायचं तर मलाच सांगावं लागलं असतं. मग त्यांनी अट घातली. चाळीस दिवस रोज शिकवणीला यायचं, आणि तोंडातून एक शिवी निघाली तर नाव गेलं.

त्याच संध्याकाळी शलमत माझ्या खोलीवर आली. मला वाटलं आनंदाने आली असेल. ती उंबऱ्यावरच बसली.

"तुम्ही नाव लिहिलंत म्हणे."

"लिहिलं."

"कशाला लिहिलंत, अक्का?"

मी चटई पुढे सारली, पण ती उंबऱ्यावरून हलली नाही.

"लोक मला म्हणायचे, नवऱ्याला आत आण. मी कधी आग्रह केला नाही. देवाने मला काय म्हणायचं ते म्हणावं. तो कुंडीवर बसून डोळे मिटायचा ना, ते मला खाटल्यावर पडल्यावरही दिसायचं. मला वाटायचं, याला असाच राहू द्यावा. शेवटी अंथरुणावर स्नान मिळेल, तेव्हा बघायला कोण उठणार आहे. आता तो उभा राहून बघणार, की तिथे कुणी नाही." तिने काळी बोटं ओढणीत लपवली. "त्याला आधी सांगू का?"

"सांगता येत नाही ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तुम्ही हो म्हणता का ते बघत होते."

मी हो म्हटलं नाही. आजही त्यावर विचार करते. नियम मोडायला मी भ्याले असं नाही. मला त्या माणसाचा अंदाज येत नव्हता, एवढंच.

चाळीस दिवस बरलाहा शिकवणीला आला. शिव्या बंद केल्यामुळे त्याच्याकडे बोलायला फारसं काही उरलं नाही. एकदा पायावर दगड पडला तेव्हा तो मोठ्याने "कांदा" म्हणाला, आणि मग बराच वेळ वेगवेगळ्या भाज्यांची नावं घेत राहिला. सबिनबाबांनी त्याला माफ केलं. भाज्यांवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

सणाच्या आदल्या रात्री पुरुषांचं स्नान झालं, ते मी पाहिलेलं नाही. सकाळी नवे लोक पांढऱ्या कपड्यात रांगेने आत आले तेव्हा बरलाहा शेवटी होता. केस ओले, कपडा खांद्यावर आखूड. तो ओट्याच्या जवळ, उजव्या खांबाशी उभा राहिला. सकाळ स्वच्छ होती. बाहेर कुठेतरी मेंढ्या ओरडत होत्या, आणि वाचन चालू असताना मला एकसारखं असं वाटत होतं की आम्ही सगळे पाण्याखाली आहोत. रात्रभर जागलं की असं होतं.

प्रवचन संपलं. दारावरच्या माणसाने पुकारलं, "ऐकणाऱ्यांनो, निघा."

आणि बरलाहा निघाला. सत्तावीस वर्षांची पायांची सवय. तो वळून सरळ दाराकडे चालू लागला, पांढऱ्या कपड्यात, दोन्ही हात थोडे पुढे धरून. दारावरच्या माणसाने त्याला कोपराला धरून थांबवलं आणि हळूच उलटा फिरवला. कुणीतरी हसलं. दारं लागली.

ओट्यावरची माणसं उठली. एकाने खुर्चीवरचा ग्रंथ उचलून छातीशी धरला. ती बरलाहाच्या अगदी समोरून उतरली, झग्यांचा वारा त्याला लागला असेल, आणि मेजाकडे गेली. पडदा सरकला. सगळे पुरुष तिकडे वळले. बरलाहाही वळला. मग थांबला. त्याने वर बघितलं, खिडकीकडे.

उजेड आला. त्याच्या त्या एका धूसर डोळ्याला किती दिसत होतं मला ठाऊक नाही, पण तो उजेडाबरोबर वळत गेला ते मी पाहिलं. धुरातून, बाकांवरून, कडेवरून. सगळ्या देवळात मेजाकडे पाठ केलेला तो एकटा पुरुष होता. उजेड खुर्चीत उतरला आणि तो रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. नव्या कापलेल्या दगडावर नसतं तसं.

मग त्याने खुर्चीच्या पलीकडे बघितलं, जिथे आम्ही बायका उभ्या असतो.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी पुरुषांना कधी सुचली नाही. ओट्याची मागची भिंत आमच्या छातीपर्यंत येते. बुटक्या बायकांच्या गळ्यापर्यंत. त्याच्यापुढे पुरुषांच्या पाठी. आम्हाला मेज दिसत नाही. कधीच दिसलेलं नाही. आवाज ऐकू येतो तेवढाच. आम्हाला दिसते ती खुर्ची, आणि सणाच्या दिवसांत तिच्यात येऊन बसलेला उजेड. मी दाराशी उभी राहून सत्तावीस वर्षं बायकांचे चेहरे बघत आले. म्हाताऱ्या तिकडे बघून हात जोडतात. नव्या सुना आधी गोंधळतात, मग त्याही जोडतात. कडेवरची मुलं हात पुढे करतात. कुणी कुणाला शिकवलेलं नाही, आणि याबद्दल कुणी कधी बोललेलं नाही.

तेच चेहरे आता बरलाहाला दिसत होते, किंवा निदान तोंडांचे उजळ ठिपके तरी. चाळीसेक बायका, त्याच्या खुर्चीकडे बघत असलेल्या. शलमत दुसऱ्या रांगेत होती. ती खुर्चीकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे जोडलेले हात तोंडावर गेले होते.

उजेड गेला. शेजारच्याने बरलाहाचा खांदा धरून त्याला मेजाकडे फिरवलं. पुढचं मी लिहीत नाही.

बाहेर आल्यावर तो कुंडीवर जाऊन बसला. नवे कपडे ओले होतील असं मी म्हणणार होते, म्हटलं नाही. शलमत त्याच्या शेजारी बसली. आता तो आतला होता. आता बोलता येत होतं.

"पडतो," ती म्हणाली. "दरवर्षी पडतो. तुम्ही म्हणाला होतात त्याच घटकेला."

"रिकाम्या खुर्चीवर."

"रिकामी तुम्ही म्हणता. आम्हाला तर तेवढंच दिसतं. तुमचा ओटा आडवा येतो ना."

बरलाहाने बराच वेळ हाताने हवेत काहीतरी मापलं. "मागची भिंत वीतभर उंच झाली."

"हातभर."

"हातभर नाही. वीतभर."

"मी तिच्यामागे उभी राहते, मला सांगू नका."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

शलमतने त्याच्याकडे असं बघितलं की मला तिथून जावंसं वाटलं. आणि मग ते दोघं हसायला लागले, त्या सत्तावीस वर्षांवर, ओल्या कुंडीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता. जबिनाही अंगणात होता. त्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

नंतर सबिनबाबांनी विचारलं होतं, खिडकी बुजवून मधोमध नवी काढू या का, मेजावर उजेड येईल. बरलाहा म्हणाला, "खिडकीला हात लावाल तर—" आणि पुढे शिवी येत होती ती गिळून म्हणाला, "कांदा." ओट्याच्या मागच्या भिंतीचे वरचे दगड मात्र त्याने स्वतः काढले, नुसत्या हातांनी चाचपत. एक वीत उतरवली. शलमतचं अजून म्हणणं होतं की हातभर हवी होती.

तो आणखी तीन वर्षं जगला. दुसऱ्या वर्षी डोळे पुरते गेले. सणाच्या सकाळी उजव्या खांबाला टेकून उभा राहायचा, मेजाकडे तोंड करून, सगळ्यांसारखा. पण ती घटका जवळ आली की त्याची मान किंचित मागे वळायची आणि तो कान द्यायचा. मागे बायकांत, उजेड खुर्चीत उतरला की शलमत खोकायची. एकदाच, कोरडं. तो मान सरळ करायचा.

बायकांना गप्प ठेवणं हे माझं काम. कुजबुजलं तरी मी काठी आपटते, आणि मला सगळ्या भितात. त्या खोकल्याला मी कधी हटकलं नाही.